शोकसभेनंतरचे काम

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्मशानवैराग्य हा मराठीतला मोठा मार्मिक शब्द आहे. चिता पेटलेली असताना भोवती उभ्या असलेल्या माणसांना संसाराची नश्वरता एकाएकी पटते आणि हातपाय धुऊन घरी परतेपर्यंत ती पटलेली राहते. सहकारी कर्करोगाने गेला की या वैराग्याचा एक निराळा प्रकार दृष्टीस पडतो. परतीच्या वाटेवर प्रत्येक जण मनातल्या मनात स्वतःच्या प्रकृतीची चौकशी करू लागतो. कोणी खिशातली तंबाखूची पुडी गटारात फेकतो. कोणी उद्यापासून पहाटे फिरायला जाण्याचा निश्चय करतो. वर्षभर गालात सलणारा व्रण डॉक्टरला दाखवायचे कोणी ठरवतो. आपल्याला अजून चालता येते, घास गिळता येतो, रात्री वेदनेवाचून झोप लागते, या साध्या गोष्टी किती मोलाच्या आहेत हे त्या संध्याकाळी उमगलेले असते. मात्र तेराव्या दिवसापर्यंत पुडी पुन्हा खिशात येते, फिरणे पावसामुळे राहते आणि व्रण जिथे होता तिथेच असतो.

या वैराग्याला ढोंग म्हणण्याचे कारण नाही. त्या संध्याकाळी जे उमगते ते खरेच असते. उणीव एवढीच की ते एकेकट्याच्या मनात उगवते आणि तिथेच विरते. सार्वजनिक कामाचा अनुभव असा आहे की एकट्या माणसाचा निश्चय जिथे टिकत नाही तिथे संघटनेचा नियम टिकतो. सहकाऱ्याच्या मृत्यूने आरोग्याची जी किंमत क्षणभर कळते, तिला संघटनेच्या कामाचे रूप देता येईल काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

यासाठी महाराष्ट्राच्या अलीकडच्या सार्वजनिक जीवनातील एक मृत्यू डोळ्यांसमोर ठेवणे उपयोगाचे ठरेल. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी आर. आर. पाटील यांचे मुंबईत तोंडाच्या कर्करोगाने निधन झाले. सारा महाराष्ट्र त्यांना ‘आबा’ म्हणत असे. त्यांच्या वयाची ५८ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील अंजनी या गावच्या सामान्य शेतकरी कुटुंबातून ते आले होते. १९९०पासून ते सतत विधानसभेवर निवडून येत होते. ऑक्टोबर २०१४मध्ये मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले आणि अवघ्या चार महिन्यांत त्यांच्या पार्थिवावर अंजनीत अंत्यसंस्कार करण्याची वेळ आली. त्यांचा पक्ष वेगळा होता. गृहमंत्री म्हणून त्यांच्या कारभाराविषयी समाजवादी विचाराच्या माणसांचे मतभेद होते आणि ते असणे योग्यच होते. तरी ग्रामविकासमंत्री या नात्याने २०००च्या सुमारास त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा गावोगावची माणसे हातात झाडू घेऊन रस्त्यावर आली, ही गोष्ट विरोधकांनीही मान्य केली. गाव स्वच्छ ठेवले तर दवाखान्याची वाट कमी चालावी लागते, हा साधा विचार त्या अभियानाने घराघरांत नेला.

अशा माणसाला तंबाखूची सवय होती, हे त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या मृत्यूनंतर जाहीरपणे सांगितले. यात त्या माणसाला हिणवण्याजोगे काही नाही. उलट त्यातून एक कठीण सत्य समोर येते. सार्वजनिक आरोग्याचे महत्त्व ज्याला इतरांपेक्षा अधिक कळले होते, त्यालाही स्वतःच्या तोंडातील चिमूट एकट्याने थुंकून टाकणे जमले नाही. मग दिवसभर उसाच्या फडात राबणाऱ्या माणसाला, यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या कामगाराला, पहाटे मशेरी लावल्याशिवाय ज्यांना दिवस सुरू झाल्यासारखे वाटत नाही अशा मायबहिणींना ‘निश्चय करा’ एवढेच सांगून कसे भागणार?

त्याच पक्षाचे ज्येष्ठ नेते शरद पवार यांना २००४ साली, लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत, तोंडाचाच कर्करोग असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया झाली, उपचार झाले आणि ते वाचले. वीस वर्षांनंतर, २०२४च्या निवडणुकांतही ते प्रचारासाठी हिंडत होते. तंबाखू-गुटख्याच्या सवयीची किंमत आपल्या शरीराला कशी मोजावी लागली, हे त्यांनी पुढे जाहीर सभांतून अनेकदा सांगितले. वेळीच कोणी सावध केले असते तर बरे झाले असते, ही खंतही बोलून दाखवली. एका रोगातून वडीलधारा सहकारी वाचला आणि त्याच रोगाने वयाने सतरा वर्षांनी लहान असलेला सहकारी गेला. दोन रुग्णांची अशी तुलना करून वैद्यकीय निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही, कारण प्रत्येक शरीरातील रोगाची चाल निराळी असते. पण ज्याला आयुष्य परत मिळाले त्याच्यावर इतरांना सावध करण्याची जबाबदारी येते, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो. आणि ज्यांना रोग झालाच नाही, त्यांची जबाबदारी त्याहून कमी कशी मानता येईल?

येथे चळवळीने स्वतःच्या एका जुन्या सवयीकडे पाहिले पाहिजे. शोकसभांमध्ये दिवंगताचा गौरव कोणत्या शब्दांनी केला जातो? ‘ते चंदनासारखे झिजले.’ ‘त्यांनी प्रकृतीची कधीच पर्वा केली नाही.’ ‘अंगात ताप असताना मोर्चात चालले.’ ‘आजार शेवटपर्यंत कोणाला कळू दिला नाही.’ ही वाक्ये भक्तिभावाने उच्चारली जातात आणि सभागृहातील तरुण ती ऐकत असतात. त्यांच्या मनावर नकळत असा संस्कार होतो की शरीराची काळजी घेणे हे मध्यमवर्गीय चोचले आहेत आणि खरा कार्यकर्ता तो, जो दुखणे अंगावर काढतो.

या संस्काराला इतिहास आहे. तुरुंगवास, भूमिगत जीवन, उपोषणे, एसटीच्या मागच्या बाकावरचा रात्रीचा प्रवास आणि मिळेल तेथे मिळेल ते खाणे यांतून एका पिढीने चळवळ उभी केली. त्या त्यागाला तोड नाही. तथापि संकटकाळात जे अपरिहार्य होते त्याला नित्याचे तत्त्वज्ञान बनवणे घातक आहे. गिरणीमालक कामगाराचे शरीर झिजवतो तेव्हा चळवळ त्याला शोषण म्हणते. आठ तासांचा दिवस, आठवड्याची सुट्टी, आजारपणाची रजा, कामगार विमा योजनेचा दवाखाना, हे सारे शरीराला विसावा मिळावा यासाठीच लढून मिळवलेले हक्क आहेत. त्याच चळवळीने आपल्या पूर्णवेळ कार्यकर्त्याला ना सुट्टी द्यावी, ना तपासणीला पाठवावे आणि तो गेल्यावर त्याच्या झिजण्याचे कौतुक करावे, ही विसंगती होय.

मधु दंडवते यांचे उदाहरण या संदर्भात मननीय आहे. १९७७मध्ये ते रेल्वेमंत्री झाले, तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या डब्यात झोपायला लाकडी फळ्या असत. सामान्य प्रवाशाने रात्रभर कठीण फळीवर पाठ का टेकावी, असा प्रश्न या समाजवादी मंत्र्याला पडला आणि त्या फळ्यांवर फोमच्या गाद्या आल्या. गरीब माणसालाही पाठ असते आणि ती दुखते, याची जाणीव त्या निर्णयामागे होती. समाजवादाचा विचार शेवटी माणसाच्या देहापर्यंत पोहोचावा लागतो, याचे याहून साधे उदाहरण सापडणार नाही.

दंडवते स्वतःही कर्करोगानेच गेले. १२ नोव्हेंबर २००५ रोजी, वयाच्या ८२व्या वर्षी, दीर्घ आजारानंतर त्यांचे मुंबईत निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह जे. जे. रुग्णालयाला देण्यात आला. त्यांच्या साध्या, संयमी राहणीविषयी कोणाचे दुमत नव्हते. म्हणून येथे एक सावधगिरीची सूचना करणे अगत्याचे आहे. प्रत्येक कर्करोग हा सवयीचे फळ नसतो. वाढते वय, अनुवंश, काही विषाणू, कामाच्या जागची धूळ आणि रसायने अशी त्याची अनेक कारणे आहेत; कित्येकदा नेमके कारण सांगताच येत नाही. रोग्याच्या खाटेजवळ उभे राहून ‘याने असे केले म्हणून असे झाले’ असा हिशेब मांडणे हे जुन्या कर्मविपाकाच्या कल्पनेलाच नवे कपडे चढवणे आहे. आरोग्य लाभलेल्या माणसाने ते आपल्या सद्गुणांचे बक्षीस समजू नये आणि रोग झालेल्या माणसाला त्याच्या चुकांची शिक्षा झाली असे मानू नये.

याच गैरसमजातून कर्करोगाभोवती कुजबुज निर्माण होते. कित्येक घरांत रोगाचे नावही उच्चारले जात नाही. ‘गाठ आहे’, ‘मोठं दुखणं आहे’ असे आडून बोलले जाते. कार्यालयातले, शाखेतले सहकारी पहिल्या आठवड्यात गर्दी करतात आणि नंतर काय बोलावे हे न सुचल्याने येणेच थांबवतात. रोग्याला सर्वांत जास्त जाचतो तो हा एकटेपणा. काल ज्याच्या मताशिवाय ठराव पुढे जात नव्हता, त्याला आज ‘तुम्ही आता फक्त विश्रांती घ्या’ असे सांगून सर्व निर्णयांतून वगळले जाते. कर्करोगाचे रुग्ण उपचार चालू असताना आणि त्यानंतरही वर्षानुवर्षे उपयुक्त काम करतात. त्यांना झेपेल ते काम देणे, त्यांचे मत विचारणे, उपचाराच्या दिवशी कोणीतरी सोबत जाणे, याला सहानुभूतीच्या भाषणांपेक्षा अधिक अर्थ आहे. सहकारी या शब्दाचा अर्थच बरोबरीने काम करणारा असा आहे. आजारपणाने तो अर्थ संपत नाही.

शाळेच्या भिंतीवर ‘आरोग्यं धनसंपदा’ हे सुभाषित रंगवलेले असते. ते वाचून मुलांनी नखे कापावीत, दात घासावेत, अशी अपेक्षा असते. समाजवाद्याने त्या वाक्यातील दुसऱ्या शब्दाकडे अधिक लक्ष द्यावे. आरोग्य ही संपत्ती असेल तर तीही या देशातील इतर संपत्तीसारखीच विषम वाटली गेलेली आहे. चांगले अन्न, स्वच्छ पाणी, धूर नसलेले स्वयंपाकघर, विसाव्याचे तास, वेळेवर मिळणारा डॉक्टर, या गोष्टी ज्यांच्या वाट्याला आल्या त्यांच्या वाट्याला आरोग्यही बऱ्याच अंशी आले. एखाद्याला आपल्या निरोगीपणाबद्दल कृतज्ञता वाटत असेल, तर त्याने तिच्यात या हिशेबाचीही जाणीव ठेवावी.

मुंबईतील परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा इतिहास येथे आठवावा. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई यांचे १९३१मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. धनाढ्य घराण्यालाही तिच्यावर या देशात उपचार करून घेणे शक्य झाले नाही. पुढे दोराबजींच्या नावाच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय उघडले, तेही गिरणगावाच्या मध्यभागी. १९५७मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने ते हाती घेतले आणि १९६२पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. एका घरातल्या दुःखातून दान निघाले, दानातून संस्था निघाली आणि संस्था राष्ट्राची झाली. दुःखाला सार्वजनिक रूप कसे देता येते याचा हा धडा आहे.

पण त्या धड्याची दुसरी बाजू रुग्णालयाच्या बाहेरच दिसते. बिहारपासून विदर्भापर्यंतचे रुग्ण उपचारासाठी तेथे येतात आणि नातेवाइकांसह आसपासच्या पदपथांवर राहतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी काहींना आसरा मिळतो, पण मागणी नेहमीच जागेपेक्षा मोठी असते. औषधांच्या किमतीचे तर विचारूच नये. यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील एका औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. मार्च २०१२मध्ये सरकारने पेटंट कायद्यातील तरतूद वापरून एका भारतीय कंपनीला ते बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला, तेव्हा तेच औषध सुमारे ८,८०० रुपयांत मिळू लागले. औषध तेच आणि रोगीही तेच. बदलला तो केवळ मालकीचा नियम. कर्करोगाने होणाऱ्या प्रत्येक मृत्यूला दैव म्हणण्याआधी हा आकड्यांमधला फरक डोळ्यांपुढे ठेवावा.

उपचारांची लढाई महत्त्वाची आहेच, परंतु तिच्याही आधीची एक लढाई आहे आणि ती जिंकण्याची साधने कार्यकर्त्यांच्या हाताशी आहेत. ती म्हणजे वेळीच रोग ओळखणे. आश्चर्य वाटेल, पण या विषयातील काही महत्त्वाचे ज्ञान मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून आणि मराठवाड्याच्या खेड्यांतून जगाला मिळाले आहे.

टाटा रुग्णालयाने १९९८पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये एक प्रदीर्घ अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी तपासणी केली गेली. तपासणाऱ्या बहुतांशी डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रिया होत्या. गर्भाशयाच्या मुखाला सौम्य आम्लाचा बोळा लावायचा आणि चांगल्या उजेडात डोळ्यांनी पाहायचे, एवढीच ती पद्धत. या साध्या पद्धतीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. याच स्त्रियांनी हातांनी केलेल्या स्तनतपासणीमुळे पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांतील स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांमध्ये असाच अभ्यास झाला. विषाणूची केवळ एकदा केलेली चाचणी या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणू शकते, असे त्यातून २००९मध्ये दिसून आले. तोंडाच्या कर्करोगाबाबत केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील अभ्यासाने २००५मध्ये दाखवले की तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांची तोंडे प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी ठरावीक काळाने नुसती पाहिली, तरी त्यांच्यातील या रोगाचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी होतात.

या अभ्यासांविषयी एक अस्वस्थ करणारी गोष्टही सांगितली पाहिजे. तुलना करता यावी म्हणून मुंबईच्या निम्म्या वस्त्यांतील आणि उस्मानाबादच्या काही गावांतील स्त्रियांना आरोग्यशिक्षण मिळाले, पण तपासणी मिळाली नाही. त्यांपैकी काही जणी याच रोगाने गेल्या. वैद्यकीय नीतीच्या दृष्टीने यावर पुढे कठोर टीका झाली. त्या वादाचा निर्णय कसाही लागो, हे ज्ञान फुकट मिळालेले नाही, हे तर निर्विवाद आहे. ज्या गरीब स्त्रियांच्या आयुष्यावर त्याची उभारणी झाली त्यांचे ऋण समाजावर आहे आणि ते ज्ञान वापरात आणणे हीच त्याची परतफेड.

परतफेडीची स्थिती काय आहे? तिशीपुढच्या सर्वांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी व्हावी, अशा मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने २०१६मध्येच काढल्या. त्यानंतर २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयोगटातील दोन टक्क्यांहून कमी स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झाल्याचे सांगितले. तोंडाची तपासणी झालेल्यांचे प्रमाण स्त्रियांत आणि पुरुषांतही एक टक्क्याच्या आसपासच निघाले. तंत्र अवघड नाही, यंत्रे महाग नाहीत, शासनाची कागदोपत्री इच्छा आहे. मग अडते कोठे? लोकांना बोलावण्यात, लाज आणि भीती घालवण्यात, बुडणाऱ्या रोजाचा विचार करून वेळ ठरवण्यात, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात उभे राहून ‘तपासणीचा वार कोणता?’ असे विचारण्यात. हे सारे काम तर कार्यकर्त्याचे आहे. सभासदनोंदणीसाठी जो घरोघर जाऊ शकतो, त्याला हे काम नवीन नाही.

तंबाखूच्या प्रश्नाकडे मात्र धैर्याने पाहावे लागेल. बैठकीत चंची फिरते, अनोळखी माणसालाही चुना लावून मळलेली चिमूट पुढे केली जाते, तिच्यातून ओळख आणि आपुलकी निर्माण होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. आपुलकी खरी आहे, पण तिचे वाहन प्राणघातक आहे. महाराष्ट्राने २००२मध्ये गुटख्यावर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने ती २००४मध्ये रद्द ठरवली. अन्नसुरक्षा कायद्याखाली जुलै २०१२मध्ये ती पुन्हा आली. आर. आर. पाटील त्या वेळी गृहमंत्री होते. बंदी आली, तरी पुड्या चोरवाटेने मिळत राहिल्या, आणि साधी तंबाखू तर उघड विकली जात राहिली. ज्या सभेत ठराव तंबाखूविरुद्ध होतो आणि सभा संपताच अर्धे सभासद पानटपरीवर जमतात, त्या सभेचा ठराव सरकार गंभीरपणे का घेईल?

याला जोडून पोटाचा प्रश्न येतो. सोलापूर, सिन्नर, निपाणी या भागांत लाखो बोटे विडी वळून घर चालवत आली आहेत. त्यांच्या मजुरीसाठी, १९६६च्या विडी कामगार कायद्याच्या अंमलबजावणीसाठी, घरांसाठी कामगार चळवळीने मोठे लढे दिले. तंबाखू वाईट म्हणून त्या स्त्रियांना वाऱ्यावर सोडणे हा अन्याय होईल. आणि त्यांच्या रोजीसाठी तंबाखूविषयी मौन पाळणे हाही अन्यायच, कारण तंबाखूची धूळ प्रथम त्यांच्याच छातीत जाते. मार्ग एकच आहे. तंबाखूवर सरकार जो कर गोळा करते, त्यातून या कामगारांना दुसरे काम, शिक्षण आणि उपचार मिळावेत ही मागणी चळवळीने आपली मुख्य मागणी केली पाहिजे. आरोग्य आणि रोजगार यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे मालकाच्या सोयीचे असते. कामगाराच्या संघटनेने त्या सापळ्यात पाय घालू नये.

मग शाखेने उद्यापासून काय करावे? काही गोष्टी अगदी लहान आहेत. बैठकीच्या खोलीत तंबाखू आणि विडी-सिगारेट बंद, हा नियम वयाने आणि पदाने मोठ्या असलेल्यांनी प्रथम पाळावा. वर्षातून एक दिवस सर्व सभासदांची आणि त्यांच्या घरच्यांची तपासणी सरकारी दवाखान्याच्या मदतीने करून घ्यावी. तोंडातील पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, हळूहळू कमी उघडू लागलेले तोंड, स्तनातील गाठ, अवेळी जाणारे रक्त, ही लक्षणे प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असावीत, जशी त्याला किमान वेतनाची कलमे पाठ असतात. आजारी सहकाऱ्यासोबत रुग्णालयात जाण्याची पाळी लावावी. पूर्णवेळ कार्यकर्त्याला आठवड्याची सुट्टी मिळावी आणि ती घेतल्याबद्दल त्याला ओशाळे वाटू नये. महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या राज्याच्या आरोग्य योजनेत कोणते उपचार मिळतात आणि कोणते कागद लागतात, याची माहिती असलेला एक तरी माणूस प्रत्येक तालुक्यात असावा. ऐन संकटात रोग्याच्या नातेवाइकाला पैशाइतकीच गरज असते ती वाट दाखवणाऱ्या माणसाची.

यातील एकही गोष्ट क्रांतिकारक नाही, असा आक्षेप कोणी घेईल. त्याला उत्तर असे की माणसे जिवंत राहिली तरच पुढचे सारे शक्य होते. आणि निरोगी शरीर म्हणजे तरी काय? दुसऱ्यासाठी चालता येईल असे पाय, दुसऱ्याचे ऐकून घेण्याइतके शांत मन, अन्यायाविरुद्ध उच्चारता येईल असा शब्द. हे भांडवल कायमचे नसते. ते कधी परत मागितले जाईल हे कोणालाच ठाऊक नाही. म्हणून ते जपावे, आणि जपता जपता वापरावे. स्वतःपुरते जपणारा कंजूष ठरतो, तर बेफिकिरीने उधळणारा आपल्यामागे इतरांवर भार टाकून जातो.

गेलेल्या सहकाऱ्याचे छायाचित्र कार्यालयाच्या भिंतीवर लागेल, पुढच्या वर्षी त्याला हार घातला जाईल. तो हार घालणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या वर्षात स्वतःची आणि घरच्यांची तपासणी करून घेतली, किती शेजाऱ्यांना दवाखान्यापर्यंत नेले, याची नोंद शाखेच्या वहीत असावी. स्मृतिदिनाच्या सभेत भाषणांआधी ती नोंद वाचून दाखवावी.